पार्श्वभूमी : टेबल कोणाचंच नाही

‘हॉट डेस्क’, म्हणजे ऑफिसात कोणाचंच ठरलेलं टेबल नसण्याची पद्धत, म्हटलं की नागपुरात मे महिन्यात कोणीतरी कूलरचा विनोद करतोच. या ‘हॉट’चं मूळ मात्र जहाजांवर सांगतात. पाणबुडीत बंक, म्हणजे झोपायच्या फळ्या कमी आणि खलाशी जास्त. एक जण पाळीवर गेला की दुसरा त्याच बंकात आडवा व्हायचा, अंथरूण तेव्हा गरमच असायचं. म्हणजे शब्द जन्मला तो जागेच्या टंचाईतून. मोकळेपणा त्याला मागाहून चिकटवला गेला.

आपल्याकडच्या बीपीओंत, म्हणजे कॉल सेंटरसारख्या कंपन्यांत, हा प्रकार ‘सीट शेअरिंग’ या नावानं आधीपासून होता. रात्रपाळीचा मुलगा उठायचा, सकाळची मुलगी बसायची, हेडसेट आपापला. पण जोडी ठरलेली असे. खुर्चीचा लिव्हर बिघडला तर कोणाला धरायचं ते माहीत असायचं. हॉट डेस्कमध्ये जो आधी येईल त्याची जागा. ‘हॉटेलिंग’ आणखी वेगळं, त्यात ॲपवर आधी बुकिंग. एचआरच्या मेलमध्ये मात्र तिन्ही ‘फ्लेक्सी सीटिंग’ होऊन येतात. मिहानला, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग-वसाहतीत, कामाला जाणाऱ्यासाठी हा फरक शब्दांपुरता नाही : बुकिंग असेल तर सीताबर्डीला मेट्रोत बसतानाच जागा माहीत असते, नसेल तर खापरीला उतरल्यावर झपाझप पाय उचलावे लागतात.

जुना इतिहास थोडक्यात. अमेरिकेतल्या एका इंजिनिअरिंग विभागात भिंती आणि ठरलेली टेबलं काढून केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. माणसं एकमेकांशी जास्त बोलू लागल्याचं त्यात नोंदलं होतं. त्याच्या भरवशावर पुढे बरंच काही खपवलं गेलं. १९९४ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या एका जाहिरात कंपनीनं टेबलंच काढून टाकली. रोज सकाळी लॅपटॉप आणि फोन काउंटरवरून घ्यायचे, संध्याकाळी परत द्यायचे. लोक ते लॉकरमध्ये दडवू लागले, फायली गाडीच्या डिकीत गेल्या, एकीनं तर लहान मुलांच्या खेळण्यातल्या लाल गाड्यावर कागद वाहिले. १९९८ मध्ये नव्या जागेत टेबलं परत आली.

हॉट डेस्क ही मोकळीक की नुसती काटकसर, हा खरा वाद २०२० नंतरचा. लॉकडाऊनमध्ये पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी पोरं नागपुरात मनीषनगर, नंदनवनातल्या घरी बसून काम करत होती. परत बोलावणं आलं ते आठवड्यातून तीन दिवसांचं, आणि तिथेच खुर्च्यांचं गणित मांडलं गेलं. शंभर माणसं, प्रत्येकाचे पाचांतले तीन दिवस, म्हणजे सरासरी साठ. मग साठ-सत्तर खुर्च्या पुरे. कागदावर बिनचूक. पण सोमवार-शुक्रवार घरून उरकायचे आणि मंगळ ते गुरु ऑफिस गाठायचं, हा सगळ्यांचाच कल. त्यात मॅनेजर सांगणार, ‘बुधवारी अख्खी टीम हवी.’ बुधवारी नव्वद जण आले तर वीस-तीस जण पॅन्ट्रीत किंवा मीटिंग रूमच्या कोपऱ्यात. शुक्रवारी तोच मजला ओस. वाचलेलं भाडं कंपनीच्या खात्यात दिसतं. रोजची पंधरा मिनिटांची शोधाशोध कुठल्याच खात्यात दिसत नाही.

बाकी त्रास बारीक आहेत, पण रोजचे. खुर्चीची उंची रोज नव्यानं जुळवायची, मॉनिटरची वायर शोधायची. पाठीचं दुखणं असलेल्याला यात काय मोकळीक? नव्या मुलीला अडलं तर शेजारी कोण बसलंय हेच ठाऊक नसतं. ज्यांचा अर्धा दिवस ग्राहकाकडे जातो, त्या सेल्सच्या लोकांना मात्र ही पद्धत खरंच सोयीची पडते. आणि साहेबांची केबिन, बाप्पा, ती काही ‘हॉट’ झाली नाही.

इथल्या एका ऑफिसात खंडेनवमीला वेगळाच पेच पडला. दरवर्षी जो तो आपल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचा. यंदा आपला कॉम्प्युटर कुठला? थोडा वेळ सगळे फुलं हातात धरून उभे राहिले, मग एकेकानं आपापल्या लॉकरच्या कडीत फूल अडकवलं.