भौतिक आणि रासायनिक बदल: ही विभागणी आली कुठून?

बर्फ वितळणे हा भौतिक बदल, लोखंड गंजणे हा रासायनिक बदल. प्राथमिक विज्ञानात हे दोन ओळींत सांगून होते आणि सोबत एक खूणही दिली जाते: मूळ पदार्थ परत मिळाला तर बदल भौतिक, नाही मिळाला तर रासायनिक. खूण सोपी आहे, पण फसवी आहे. फाटलेला कागद पूर्ववत होत नाही, तरी त्याचे तुकडे कागदाचेच असतात. आणि ज्या प्रयोगाने आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घातला, त्यात रासायनिक बदल होऊनही मूळ पदार्थ परत मिळाला होता. म्हणून शिकवणाऱ्यांनी तरी या विभागणीचा इतिहास जाणून घ्यायला हवा.

पदार्थ बदलतो तेव्हा आत नेमके काय घडते, हा प्रश्न फार जुना आहे. मातीचा कच्चा घडा भट्टीत भाजला की लाल होतो. प्राचीन भारतातल्या वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांचे म्हणणे होते की उष्णतेने घड्याचे परमाणू सुटे होतात, त्यांचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळतात. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या विचारवंतांना, हे मान्य नव्हते. घडा अखंड राहूनच बदलतो, असे ते म्हणत. वाद सूक्ष्म होता, पण तो तर्काच्या बळावर चालला. तराजू त्यात आला नाही.

तराजूने खरी अडचण उभी केली ती युरोपात. लाकूड जळले की थोडी राख उरते. म्हणजे जळताना काहीतरी निघून जात असणार, हे कुणालाही पटेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गेओर्ग श्टाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने या निघून जाणाऱ्या तत्त्वाचा, म्हणजे फ्लॉजिस्टनचा, सिद्धान्त रूढ केला. पण धातू हवेत तापवून त्याचे भस्म केले की वजन घटण्याऐवजी वाढते. जाँ रे या फ्रेंच वैद्याने १६३० मध्येच कथिलाबाबत हे नोंदवले होते आणि वाढलेले वजन हवेचे आहे असे सुचवलेही होते. त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रिस्टले या इंग्रज संशोधकाने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापवले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने हे आंत्वान लव्हाझिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला सांगितले. लव्हाझिएने मग पारा आणि ५० घनइंच हवा एका बंदिस्त उपकरणात घेतली आणि पारा १२ दिवस तापत ठेवला. पाऱ्यावर लाल भस्म जमले आणि हवा ४२-४३ घनइंचांवर आली. उरलेल्या हवेत ज्योत विझत होती. गोळा केलेले ४५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे जुने, लहान एकक) भस्म त्याने जास्त तापवले, तेव्हा त्यातून साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि ७-८ घनइंच वायू मिळाला. म्हणजे जेवढी हवा नाहीशी झाली होती, जवळपास तेवढीच परत आली. हा वायू म्हणजे ऑक्सिजन. मला या प्रयोगाचे सौंदर्य त्याच्या परतीच्या वाटेत दिसते: पारा परत मिळाला, तरी मधले लाल भस्म हा पारा नव्हता. पाऱ्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला तो नवा पदार्थ होता. बदल रासायनिक ठरला तो या नव्या पदार्थामुळे. रासायनिक बदलाच्या आधीचे आणि नंतरचे एकूण वस्तुमान सारखेच राहते, हे लव्हाझिएने १७८९ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडले.

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे भौतिक बदलाचे, काम जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने आधीच केले होते. वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिले तरी बर्फ संपेपर्यंत तापमान चढत नाही, हे त्याने १७६० च्या सुमारास दाखवले. उष्णता भरपूर खर्ची पडते, पण पाणी पाणीच राहते.

पुढचा वाद सीमेवरच्या पदार्थांचा होता. फ्रेंच रसायनतज्ज्ञ जोझेफ प्रूस्त म्हणे, संयुगात घटकांचे वजनी प्रमाण ठरलेले असते. त्याचाच देशबांधव क्लोद बेर्तोले द्रावणे आणि मिश्रधातू दाखवून विचारी, मग इथे प्रमाण का बदलते? हा वाद अनेक वर्षे चालला आणि त्यातूनच संयुग वेगळे, मिश्रण वेगळे, हे स्पष्ट होत गेले. १८०८ मध्ये जॉन डाल्टनने अणुसिद्धान्त सविस्तर मांडला आणि ठरावीक प्रमाणाला कारण मिळाले: रासायनिक बदलात अणू नष्ट होत नाहीत, त्यांची जुळणी बदलते.

मुलांना हे दाखवावे कसे, याचा उत्तम नमुना मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या व्याख्यानांत घालून दिला. त्याने फक्त मेणबत्ती घेतली. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते. इथपर्यंत सगळे भौतिक. मग ती वाफ जळते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. बर्फ आणि मीठ भरलेले थंड भांडे ज्योतीवर धरून त्याने ते पाणी थेंबाच्या रूपात दाखवले. एकाच ज्योतीत दोन्ही बदल चालू असतात.

मिठाच्या पाण्याचा प्रश्न मात्र पुरता मिटलेला नाही. मीठ विरघळताना सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढतात. पाणी आटवले की मीठ परत मिळते. शालेय पुस्तके याला भौतिक बदल म्हणतात. आयनांभोवतीची ही नवी जुळणी पाहून काही रसायनतज्ज्ञ तसे म्हणायला तयार नसतात.