मोटार अपघातातील दोषनिश्चिती व विम्याचे दायित्व (सोलापूर)

रस्त्यावरील अपघातात चूक कुणाची, कुणाची किती, आणि नुकसानभरपाई वाहनमालकाने द्यायची की विमा कंपनीने, हे ठरवण्याची कायदेशीर पद्धत. तिचा आधार १९८८ चा मोटार वाहन कायदा हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीतला विम्याचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. सोलापुरात हे दावे जिल्हा न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. अपघात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरजवळ झाला, पण वारस सोलापुरात राहत असतील, तर दावा सोलापुरातच लावता येतो. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला ही सवलत फार मोलाची आहे.

पुणे–हैदराबाद, विजयपूर–धाराशिव आणि रत्नागिरीकडून येणारा असे मोठे महामार्ग सोलापुरात एकत्र येतात. त्यात पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्यांची भर पडते, आणि गळीत हंगामात उसाच्या वाहनांची. इथल्या दोषनिश्चितीतला सर्वांत अवघड प्रश्न याच हंगामात उभा राहतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री बंद पडतो, चाकाला दगड लावून रस्त्यातच उभा राहतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मोटारसायकलवाला येऊन धडकतो. ‘मागून धडकला त्याची चूक’ हा लोकांचा समज, तसाच ‘मोठ्या गाडीचीच चूक’ हा दुसरा. न्यायाधिकरण यातला एकही नियम म्हणून मानत नाही. ट्रॉली रस्त्यावर किती आत होती, मागे काही खूण लावली होती का, धडकणाऱ्याचा वेग किती असावा, हे पाहून दोघांत चुकीचे प्रमाण ठरते. भरपाई २० लाख ठरली आणि मोटारसायकलस्वाराची चूक ३० टक्के मानली, तर हाती १४ लाख येतात. यालाच अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात.

जीपमधल्या प्रवाशाचे तसे नसते. जीप आणि ट्रक दोघेही चुकले तरी प्रवाशाची चूक काहीच नसते, म्हणून तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. त्यांनी आपसांत वाटणी काय करायची, हा त्यांचा प्रश्न.

हे सारे ठरते ते पहिल्या काही तासांतल्या कागदांवर. घटनास्थळाचा पंचनामा, फिर्याद, वाहनांची तपासणी, रुग्णालयाचे कागद. ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत असतात, त्यामुळे त्यांचे वजन मर्यादितच. खरा उपयोग होतो टायरच्या घसटीचा, काचा कुठे पडल्या त्याचा, रस्त्याच्या रुंदीच्या मापाचा. जखमीला घाईत दवाखान्यात नेताना केसपेपरवर ‘गाडीवरून पडला’ एवढेच लिहिले गेले, तर पुढे विमा कंपनीचा वकील त्याच दोन शब्दांवर उलटतपासणी घेतो. धडक कोणत्या वाहनाने दिली, हे डॉक्टरांना सांगून लिहून घेणे म्हणूनच अत्यंत गरजेचे आहे. पाच-दहा हजार घेऊन जागेवर मिटवण्याची पद्धत त्याहून घातक, कारण मग पंचनामाच होत नाही.

२०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा बुडत नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहतात. दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे.

दोष ठरला की प्रश्न विम्याचा. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो रस्त्यावरच्या इतरांसाठी असतो. फक्त तेवढाच विमा असेल, तर खासगी कारमध्ये बसलेले पाहुणे किंवा दुचाकीवर मागे बसलेला माणूस त्यात येत नाही. त्यांच्यासाठी पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःचे वाहन व त्यातली माणसेही धरणारा व्यापक विमा, लागते. पांढऱ्या पाटीची गाडी पंढरपूरला भाड्याने नेली, तर पॉलिसीची अट मोडली जाते. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, हा वाद जिल्ह्यात नेहमीचा. उसावर बसून निघालेल्या मजुरांबाबत तर कंपन्या जबाबदारीच नाकारतात. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर न्यायालये बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. एसटीची भरपाई महामंडळ स्वतः देते.

चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख मागता येतात. धडक देऊन वाहन पळाले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात; त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो.

रक्कम मोजण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिली. यंत्रमागावरचा ३४ वर्षांचा कामगार, महिना १५ हजार, मागे आई, पत्नी व दोन मुले. भविष्यातील वाढ ४० टक्के धरून २१ हजार, स्वतःच्या खर्चाचा चौथा भाग वजा जाता १५,७५०, वर्षाचे १,८९,०००, वयानुसार गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो ठरलेला आकडा) १६. म्हणजे ३०,२४,०००, आणि वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा. हिशेब सोपा, पण महिना १५ हजार मिळत होते हे दाखवायचे कशाने? रोखीने पगार घेणाऱ्या कामगाराकडे कागद नसतो. तेव्हा न्यायाधिकरण अंदाजी उत्पन्न धरते, आणि दर हजारामागे कुटुंबाचे दोन लाखांवर कमी होतात. विडी कामगार बायकांकडे निदान विडी कार्ड असते; ते जपून ठेवलेले बरे.

निकालाविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी सोलापूरकरांना मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने ही अपिले आता तिथे चालतात.