डीव्हीडीच्या फाइली संगणकावर का अडतात, आणि त्यातला आवाज वेगळा काढताना काय होते: पार्श्वभूमी

संगणकात डीव्हीडी उघडून व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये गेले की एकाच मापाच्या फाइलींची रांग दिसते. प्रत्येकीसमोर १०,४८,५४४ केबी, शेवटची काय ती आखूड. त्यातली एक उचलून प्लेअरमध्ये टाकली की ओळखीच्या तक्रारी सुरू होतात. चित्र आहे, आवाज नाही. लांबलचक चित्रपटाची लांबी काही सेकंदच दिसते. पट्टी पुढे ओढली की भलताच प्रसंग लागतो. हार्ड डिस्कवर कॉपी केलेल्या फाइलीत तर नुसते हिरवे-गुलाबी चौकोन नाचतात. मग प्लेअर बदलले जातात, कोडेक पॅक (चित्र-आवाज उलगडणाऱ्या प्रोग्रॅमांचे गठ्ठे) चढवले जातात, आणि त्यातून नवेच घोळ होतात. यातल्या बऱ्याच अडचणी डीव्हीडीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत घेतलेल्या निर्णयांतून आलेल्या आहेत.

१९९६च्या अखेरीस जपानमध्ये आणि मार्च १९९७मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेली ही तबकडी दिवाणखान्यातल्या यंत्रासाठी आखली होती. त्या यंत्राला फाइलींशी फारसे देणेघेणे नव्हते. कोणत्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे तबकडीवरचा छोटा ठरावीक तुकडा) कोणत्या सेक्टरपर्यंत वाचायचे एवढे कळले की त्याचे काम भागे. ही माहिती आयएफओ फाइलीत असते आणि बीयूपी ही तिचीच राखीव प्रत. व्हीओबीमध्ये, म्हणजे रांगेतल्या त्या मोठ्या फाइलींत, २,०४८ बाइटच्या पुडक्यांत चित्र, जास्तीत जास्त ८ ऑडिओ प्रवाह आणि ३२ सबटायटल प्रवाह एकमेकांत गुंफलेले असतात. एका शीर्षकसंचाचा (शीर्षक म्हणजे तबकडीवरचा एक चित्रपट वा कार्यक्रम) मजकूर खरे तर एकच सलग पट्टा असतो. फाइल १ जीबीच्या आत ठेवायची या नियमापायी तो ५,२४,२७२ सेक्टर झाले की तोडला जातो. तो तुकडा संवादाच्या मधोमध पडला काय किंवा तानेच्या मधोमध पडला काय, नियमाला फरक पडत नाही.

म्हणून प्रत्येक व्हीओबीचा आवाज वेगळा काढून नंतर ते तुकडे जोडले, की सांध्यावर टक्क असा आवाज येतो किंवा क्षणभर आवाज गळतो. आधी फाइली बाइटला बाइट लावून जोडायच्या (विंडोजच्या कॉपी आदेशात बायनरी पर्याय देऊन, लिनक्सवर कॅट वापरून) आणि मग आवाज काढायचा. जोडताना नावाच्या शेवटी ०१_० असलेल्या फाइलीपासून सुरुवात करू नये. ती मेन्यूची फाइल असते, त्या संचाचा मजकूर ०१_१पासून सुरू होतो. लांबी चुकीची दिसण्याचे कारणही रचनेतच आहे. पट्ट्याच्या आतले घड्याळ मध्येच पुन्हा शून्यावर येऊ शकते, आणि फक्त पहिला व शेवटचा वेळशिक्का वाचून वजाबाकी करणारा प्रोग्रॅम साहजिकच फसतो.

आवाजाच्या बाबतीत एक जुना वाद आज जवळपास विसरला गेला आहे. मूळ नियमावलीत ५२५ रेषांचे टीव्ही चित्र असलेल्या देशांसाठी (अमेरिका, जपान) एसी-३ (डॉल्बी डिजिटल) किंवा पीसीएम (न दाबलेला आवाज) सक्तीचा होता, तर ६२५ रेषांच्या देशांसाठी (युरोप, भारत) एमपेग ऑडिओ किंवा पीसीएम. पण बहुवाहिनी एमपेगचे एन्कोडरच वेळेवर मिळेनात. डिसेंबर १९९७मध्ये नियम बदलून ६२५ रेषांच्या तबकड्यांवरही केवळ एसी-३ चालेल असे ठरले आणि तो प्रश्न संपला. व्यावसायिक डीव्हीडीतून काढलेला आवाज जवळपास नेहमी एसी-३ निघतो आणि एमपी२ (म्हणजे एमपेग ऑडिओ) मुख्यतः घरगुती रेकॉर्डर वा कॅमेऱ्याच्या तबकड्यांवर सापडतो, त्याची मुळे इथे आहेत. एसी-३, डीटीएस (आणखी एक बहुवाहिनी आवाजप्रकार) आणि पीसीएम यांना साध्या एमपेग प्रवाहात जागा नव्हती. ते ‘खासगी प्रवाह १’ या एकाच खात्यात टाकले गेले आणि आत उपक्रमांक दिले: एसी-३ला ०x८०पासून, डीटीएसला ०x८८पासून, पीसीएमला ०xए०पासून. फक्त साधा एमपेग वाचणारे जुने प्लेअर हे खाते उघडतच नसत. चित्र आहे पण आवाज नाही, ही तक्रार तेव्हापासूनची.

सर्वांत जास्त गुंता झाला तो कुलपाचा. चित्रपट कंपन्यांच्या आग्रहाने व्हीओबीतले सेक्टर ४० बिटांच्या किल्लीने विस्कळीत करायचे ठरले. इतकी छोटी किल्ली का, तर त्या काळात अमेरिकेतून याहून मजबूत कूटलेखन निर्यात करण्यावर बंधने होती. किल्ल्यांची मांडणी मात्र विचारपूर्वक केलेली होती. प्रत्येक शीर्षकाची किल्ली सेक्टरच्या शीर्षभागात, म्हणजे फाइल कॉपी करताना जो भाग कधीच सोबत येत नाही तिथे. ती उघडणारी तबकडीची किल्ली सुरुवातीच्या लीड-इन पट्ट्यात, वेगवेगळ्या प्लेअर-किल्ल्यांनी बंद केलेल्या शेकडो प्रतींच्या रूपात. कोऱ्या रेकॉर्डेबल तबकडीवर ही जागा लिहिताच येत नाही. शिवाय ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअर यांची आधी परस्पर ओळखपरेड होते. ती झाल्याशिवाय ड्राइव्ह विस्कळीत सेक्टर देतच नाही.

त्यामुळे दोन वेगवेगळे अनुभव येतात. तबकडी घालून लगेच फाइली कॉपी करायला गेले तर वाचनाची त्रुटी येते, आणि तबकडी खराब आहे असा समज होतो. आधी एखाद्या प्लेअरमध्ये ती थोडी चालवली, की ओळखपरेड झालेली असते. मग कॉपी विनातक्रार पुरी होते, आकारही जुळतो, पण फाइल हार्ड डिस्कवर उतरते ती विस्कळीतच. किल्ली तबकडीवरच राहिलेली असते. हिरवे-गुलाबी चौकोन ते हेच, आणि आवाज काढला तर नुसती खरखर. अशा फाइलीवर कोणताही कन्व्हर्टर चालवणे व्यर्थ आहे.

हा निर्णय योग्य होता का, यावर आजही एकमत नाही. उद्योगाची बाजू अशी की इतके अडथळे नसते तर चित्रपट डिजिटल स्वरूपात बाजारात आलेच नसते. ती पूर्ण खोटी नाही. पण कारखान्यात हुबेहूब तबकडी छापणाऱ्याला किल्लीसकट सगळे छापता येत होते. त्याला कुलूप उघडायची गरजच नव्हती. अडला तो विकत घेतलेली तबकडी परवानाधारक प्लेअर नसलेल्या लिनक्सवर पाहू इच्छिणारा. ऑक्टोबर १९९९मध्ये एका सॉफ्टवेअर प्लेअरमध्ये उघडीच राहिलेली किल्ली वापरून कुलूप काढणारा छोटा प्रोग्रॅम नेटवर आला. त्यानंतर काही आठवड्यांतच कूटलेखन जाणणाऱ्यांनी दाखवून दिले की चोरलेल्या किल्लीचीही गरज नाही: रचनाच अशी की ४० बिटांपैकी प्रत्यक्षात फार थोड्या बिटांचा शोध घ्यावा लागतो, आणि साधा संगणक ते काम सेकंदांत करतो. अमेरिकेतल्या न्यायालयाने २०००मध्ये हा प्रोग्रॅम प्रसिद्ध करण्यावर बंदी घातली. नॉर्वेतल्या न्यायालयाने जानेवारी २००३मध्ये तो लिहिण्यात सहभागी असलेल्या तरुणाला निर्दोष ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. एकाच कृतीकडे दोन देशांनी असे पाहिले, आणि कायदा अजूनही देशागणिक वेगळा आहे. स्वतःच्या मालकीच्या तबकडीचेही कुलूप काढायला कित्येक ठिकाणी मनाई आहे.

व्हीएलसी चालवताना पडद्यामागे जे होते ते याच विश्लेषणाचे फळ. त्यातले लिबडीव्हीडीसीएसएस हे ग्रंथालय (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड) उसनी किल्ली न वापरता शीर्षकाची किल्ली मोजून काढू शकते, आणि काढलेल्या किल्ल्या पुढच्या वेळेसाठी साठवते. पहिल्यांदा तबकडी सुरू व्हायला वेळ लागतो आणि दुसऱ्यांदा लागत नाही, तो यामुळे. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत हे ग्रंथालय आयते मिळत नाही. लिबडीव्हीडी-पीकेजी बसवले की ते स्रोत उतरवून जागेवरच बांधले जाते. प्रदेश-कोडची (तबकडी जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणाऱ्या क्रमांकाची) भानगड वेगळी. १ जानेवारी २००० नंतरच्या ड्राइव्हमध्ये प्रदेशाची तपासणी हार्डवेअरमध्येच गेली आणि प्रदेश फक्त ५ वेळा बदलता येतो. प्रदेश जुळला नाही तर ड्राइव्ह किल्ली देत नाही. सॉफ्टवेअर ती मोजून काढते आणि सहसा काम भागते. काही लॅपटॉप ड्राइव्ह मात्र अशा वेळी विस्कळीत सेक्टर वाचूच देत नाहीत. तिथे प्लेअर कितीही बदला, उपयोग नाही.

पुढच्या दशकात कुलूप निष्प्रभ झाल्यावर तबकड्यांच्या मांडणीतच खोड्या सुरू झाल्या: मुद्दाम बिघडवलेले सेक्टर, आणि आयएफओमध्ये ९९ खोटी शीर्षके. सगळे व्हीओबी जोडून आवाज काढायची युक्ती अशा तबकडीवर फसते. अनेक कॅमेरा-कोन असलेल्या तबकडीवरही फसते, कारण प्रत्येक कोनाचे तुकडे पट्ट्यात आळीपाळीने ठेवलेले असतात आणि तोच संवाद दोनदा ऐकू येतो. अशा ठिकाणी आयएफओ वाचणारेच साधन हवे.

विंडोजचा प्रवास उलट्या दिशेने झाला. एक्सपीमध्ये एमपेग-२ डीकोडर नव्हताच, तो ड्राइव्हसोबतच्या सीडीतून बसवावा लागे. व्हिस्टा आणि विंडोज ७च्या वरच्या आवृत्त्यांत तो आला. २०१२मध्ये विंडोज ८मधून डीव्हीडी चालवण्याची सोय पुन्हा काढली गेली. कारण दिले गेले ते घटता वापर आणि प्रत्येक संगणकामागे द्यावे लागणारे परवाना शुल्क. एसी-३ची पेटंटे २०१७मध्ये आणि एमपेग-२ची अमेरिकेतली शेवटची पेटंटे २०१८मध्ये संपली, म्हणजे शुल्काचा मुद्दा विरला, तरी सोय परतली नाही. उलट विंडोज ११च्या २०२४मधल्या आवृत्तीपासून नव्या संगणकांवर एसी-३ डीकोडरही आयता येत नाही. तेव्हा विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये आवाज नसणे ही बिघाडाची खूण नव्हे. स्वतःचे डीकोडर सोबत आणणारे व्हीएलसी किंवा एमपीव्ही वापरावे, कोडेक पॅकच्या नादी लागू नये.

आवाज वेगळा काढण्यासाठी सध्या सर्वांत भरवशाचे साधन एफएफएमपेग. २०२४च्या ७.० आवृत्तीत त्यात डीव्हीडीव्हिडिओ नावाचा स्वतंत्र वाचक आला. तो आयएफओ पाहून शीर्षक उचलतो, म्हणून लांबीही बरोबर येते. शीर्षक क्रमांक मात्र स्वतः द्यावा; न दिल्यास तो पहिलेच शीर्षक घेतो आणि ती बऱ्याचदा इशाऱ्याची पाटी निघते. मैफलीच्या तबकडीत प्रकरणांची सुरुवात आणि शेवट देऊन एकेक गाणे काढता येते. सगळ्याच तयार आवृत्त्यांत हा वाचक बांधलेला नसतो. नसेल तर जोडलेली व्हीओबी द्यावी आणि ‘अॅनलाइझड्युरेशन’ व ‘प्रोबसाइझ’ हे दोन्ही आकडे १०० एमपर्यंत वाढवावेत. आवाजाचे पहिले पुडके बरेच आत असले तर मूळ मर्यादेत तो प्रवाह सापडतच नाही आणि यादीत फक्त चित्र दिसते.

पहिले पाऊल म्हणून आवाज ‘कॉपी’ करावा, रूपांतर करू नये. १९२ केबीपीएसचा दोन वाहिन्यांचा एसी-३ दीड तासाला सुमारे १३० एमबी होतो, ४४८ केबीपीएसचा सहा वाहिन्यांचा सुमारे ३०० एमबी. एवढ्यासाठी एमपी३ करून दर्जा घालवण्यात अर्थ नाही. फोनला चालत नसेल तर या प्रतीवरून एएसी करता येते. पीसीएम असेल तर गोष्ट निराळी. डीव्हीडीतल्या पीसीएमचा बाइटक्रम वेव्ह फाइलीच्या उलटा असतो आणि २० व २४ बिटांचे नमुने वेगळ्याच पद्धतीने बांधलेले असतात. तो जसाच्या तसा ओतला तर फुसफुस ऐकू येते. तो फ्लॅकमध्ये बदलावा, काही हरवत नाही. नमुनादर ४८ किलोहर्ट्झच ठेवावा, ४४.१ची गरज ऑडिओ सीडी लिहायची असेल तेव्हाच.

सहा वाहिन्यांचा आवाज दोनवर आणताना सर्वाधिक चुका होतात. संवाद आणि बहुधा गायकाचा आवाज मधल्या वाहिनीत असतो. फक्त डावी-उजवी उचलली की वाद्ये राहतात आणि गायक गायब. योग्य मिश्रणात मधली आणि मागच्या वाहिन्या साधारण ३ डेसिबल कमी करून मिसळल्या जातात आणि सबवूफरची वाहिनी सहसा वगळली जाते. त्यानंतर एकूण पातळी खाली येते, म्हणून काढलेली फाइल बारीक आवाजात वाजते. एसी-३मध्ये आवाजाचे चढउतार दाबण्याची सूचनाही भरलेली असते आणि एफएफएमपेग ती मुळातच पाळतो. मैफलीसाठी ‘डीआरसी स्केल’ शून्य करावे, नाहीतर समेवरचा जोर सपाट होतो.

६२५ रेषांच्या तबकडीवरचा चित्रपट असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट तिथे २५ने चालवला जातो, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद, आणि आवाज जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर जातो. ४८,००० हर्ट्झच्या फाइलीला ४६,०८० हर्ट्झ समजून वाजवले आणि मग पुन्हा ४८,०००वर आणले की वेग व पट्टी दोन्ही जागेवर येतात. काही तबकड्यांवर पट्टी आधीच सुधारलेली असते, तिथे फक्त वेग कमी करायचा. मूळ चित्रीकरणच २५ चौकटींचे असेल, जसे दूरचित्रवाणीसाठी टिपलेल्या बहुतेक मैफली, तर यातले काहीच करायचे नाही.