ज्यू बाईला तोरा शिकवायला बंदी आहे का?

'ज्यू धर्मात बाईने तोरा शिकायची नाही, मग शिकवायची कुठून?' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. (तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ.) त्यावर विश्वास बसणं साहजिक आहे, कारण त्याला खरा आधार आहे. फक्त तो अर्धा आहे.

मिश्ना हे ज्यू धर्मनियमांचं सुमारे १८०० वर्षांपूर्वीचं संकलन. त्यातल्या 'सोता' या भागाचा ३रा अध्याय उघडा, ४थं वचन बघा. एक गुरू म्हणतात, मुलीला तोरा शिकवणं म्हणजे तिला वाईट वळण लावणं. पण त्याच वचनात, त्यांच्या आधी, दुसरे गुरू सांगतात की मुलीला तोरा शिकवणं हे बापाचं कर्तव्यच आहे. म्हणजे हा वाद आहे, आणि दोन्ही मतं शेजारी शेजारी जपून ठेवली आहेत. मला यातलं हे जपणंच फार मोलाचं वाटतं.

पुढे शतकानुशतकं व्यवहारात शिकवू नये म्हणणाऱ्या गुरूंचं मत वरचढ ठरलं, हेही खरं. पण १९१७ साली आजच्या पोलंडमधल्या क्राको शहरात, तेही कर्मठ समाजातच, कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका बाईने मुलींसाठी धर्मशिक्षणाची शाळा काढली. पुढे तिथेच शिक्षिका घडू लागल्या.

'पाळीत पोथीला हात लावत नाहीत' हे त्याच मजकुराचं शेपूट. तालमूद म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या चर्चांचा ग्रंथ. त्याच्या 'बेराखोत' भागात स्पष्ट आहे: तोराच्या शब्दांना विटाळ लागत नाही. तोरा ज्यावर हाताने लिहिलेली असते त्या गुंडाळीच्या चर्मपत्राला उघडं बोट तर पुरुषही लावत नाहीत. टोकाला इवलासा हात असलेल्या चांदीच्या काडीने ओळ दाखवतात.