चिलटं वाढून घरमाश्या होत नाहीत

नाशकात द्राक्षांच्या पेटीवर घोंघावणारी चिलटं म्हणजे माश्यांची पिल्लं, असं बरेच जण धरून चालतात. चूक. पंख फुटल्यावर चिलटाची वाढ थांबते; वाढायचं ते अळी असतानाच. २५ अंशांना अंड्यापासून चिलट व्हायला साधारण १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळपास दुप्पट.

अळीने ठरावीक वजन गाठलं की मेंदूच्या इशाऱ्यावर एकडायसोन हे अळीला कोषाकडे नेणारं संप्रेरक स्रवतं. आधी मोजकी जनुकं चालू होतात. त्यांची प्रथिनं पुढची कितीतरी जनुकं उघडतात आणि स्वतःची बंद करतात. चालू झालेल्या जनुकांच्या जागी लाळग्रंथीच्या गुणसूत्रांवर फुगवटे येतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतात. इशारा देणाऱ्या पेशी नष्ट केल्या तर अळी खातच राहते, कोष लांबतो, चिलट थोराड निघतं. तरी चिलटच!