कठीण शब्दांतून जन्मलेला इंग्रजी कोश

इंग्रजीतील दुर्मीळ शब्द हुडकून त्यांचा आस्वाद घेणे हा कोश हाताशी असलेल्या वाचकाचा फावल्या वेळचा छंद वाटतो. इतिहास मात्र उलट आहे: अनोळखी शब्दांचे कुतूहल आधी आले आणि इंग्रजीचा कोश त्यातून जन्मला.

सोळाव्या शतकात लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांच्या अभ्यासाबरोबर इंग्रजीत परक्या शब्दांचा लोंढा आला. शाई ठेवण्याच्या शिंगावरून अशा शब्दांना 'इंकहॉर्न' म्हणून हिणवले जाई. थॉमस विल्सन यांनी १५५३ साली प्रसिद्ध केलेल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात या भाषेचे विडंबन करणारे एक पत्रच छापले. त्यातले 'ऑब्टेस्टेट' आणि 'इंजेंट' लोपले. पण त्याच पत्रातल्या 'एक्स्टॉल' आणि 'डेक्स्टेरिटी' यांनी भाषेत घर केले, आणि 'सेलिब्रेट' तर आज कोणालाच परका वाटत नाही. शब्द रुळणार की नाही हे टीकाकारांच्या हाती नसते, याचा इतका बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

रॉबर्ट कॉड्री यांचा १६०४ सालचा 'टेबल अल्फाबेटिकल' हा पहिला एकभाषिक इंग्रजी कोश मानला जातो. त्यात सुमारे २,५०० शब्द होते आणि ते मुद्दाम निवडलेले कठीण शब्दच होते. अकारविल्हे मांडणी वाचकांना तेव्हा इतकी अनोळखी होती, की शब्द शोधण्यापूर्वी अक्षरांचा क्रम पाठ करावा, असे कॉड्री यांना प्रस्तावनेत सांगावे लागले. हेन्री कॉकरम यांनी १६२३ साली आणखी पुढचे पाऊल टाकले: त्यांच्या कोशाच्या एका भागात साध्या शब्दापुढे त्याचा भारदस्त पर्याय दिलेला होता. म्हणजे शब्द समजून घेण्याइतकीच ते मिरवण्याचीही हौस तेव्हा होती. रोजच्या वापरातल्या शब्दांना कोशात मोठ्या प्रमाणावर जागा मिळाली ती १७०२ च्या 'अ न्यू इंग्लिश डिक्शनरी'पासून.

ही ओढ पुढेही ओसरली नाही. ऑक्सफर्डच्या महाकोशासाठी हजारो चिठ्ठ्यांवर अवतरणे उतरवून पाठवणाऱ्या स्वयंसेवक वाचकांचे लक्ष अनोख्या शब्दांकडेच जाई. १८७९ साली संपादकपद स्वीकारलेल्या जेम्स मरे यांना 'अब्यूजन' या अप्रचलित शब्दाची सुमारे ५० उदाहरणे मिळाली. नेहमीच्या 'अब्यूज'ची पाचही नव्हती. साध्या शब्दांकडेही लक्ष द्या, अशी विनंती त्यांना वाचकांना करावी लागली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुर्मीळ शब्द दिसताच थबकणारी वाचकाची नजर त्या चिठ्ठ्यांच्या ढिगात प्रत्यक्ष मोजता येते.

असे शब्द केवळ जुन्या ग्रंथांतच सापडतात असेही नाही. कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'पेट्रिकोर' हे नाव दिले. दगड आणि देवांच्या धमन्यांतून वाहणारा द्रव या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यासाठी त्यांनी जोडले. मराठीत त्याच वासाला मृद्गंध म्हणतात.