एसीचं काम नव्याने धरताय? पैसे आधी कुठे घालावेत

आयटीआय झालं, कुणा मेस्त्रीच्या हाताखाली दोन-तीन सीझन काढले, आता स्वतःचं काम धरायचं. मग आमच्या म्हापशातल्या टूलच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला, "सगळा सेट एकदम केवढ्याला पडेल?" सगळा सेट विकला तर आमचा गल्ला भरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कर्ज काढून पेटी भरलेला माणूस पावसात काम मंदावलं की हप्त्यांत अडकतो आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे फिरकत नाही. म्हणून हे पत्रक.

आमचा हिशेब साधा आहे. नव्या माणसाला बुडवतो तो परत आलेला कॉल. बसवलेल्या एसीचा गॅस महिन्याभरात गेला, तर पेट्रोल तुमचं, गॅस तुमचा, आणि वाड्यावर नाव जातं ते वेगळंच. आमच्या अनुभवात असा कॉल बहुतेक वेळा फ्लेअरमुळे (नटात बसवायला फुलवलेलं तांब्याच्या पाइपचं तोंड) येतो, नाहीतर अर्धवट व्हॅक्यूममुळे, म्हणजे पाइपातली हवा आणि ओलावा पंपाने पुरता ओढून न काढल्यामुळे. पहिले पैसे तिथे घाला.

फ्लेअर

एक्सेंट्रिक कोनचं फ्लेअरिंग टूल घ्या. साध्यापेक्षा महाग पडतं, पण तोंड गुळगुळीत आणि सगळीकडे सारखं येतं. कटरचं चाक बोथट झालं की पाइप कापला न जाता दबतो, म्हणून चाक सुटं घेऊन ठेवा. रीमर (कापलेल्या तोंडाची धार काढणारं टूल) मारताना पाइपचं तोंड खाली धरा, म्हणजे तांब्याचा कीस आत पडणार नाही.

टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने नट आवळणारा) नकोच म्हणणारे खूप भेटतात: "हाताला अंदाज आहे." पाव इंची नटाला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर लागतात, अर्धा इंचीला 50 ते 62. दोन्ही नट एकाच जोराने आवळणारा हात पाव इंची फ्लेअर चिरतो, आणि ती चीर त्या दिवशी दिसत नाही.

व्हॅक्यूम

पंप दोन स्टेजचा घ्या आणि त्याच दिवशी मायक्रॉन गेजही (व्हॅक्यूम किती खोल गेलं ते मोजणारा; आकडा जितका कमी तितकं चांगलं) घ्या. मॅनिफोल्डची, म्हणजे प्रेशर बघायच्या गेज सेटची, सुई खाली टेकली म्हणजे व्हॅक्यूम झालं असं नाही. 500 मायक्रॉन आणि 10,000 मायक्रॉन यांतला फरक त्या सुईला कळतच नाही. पोहोचायचं आहे 500 च्या खाली. तिथे पाणी उणे 24 अंशांच्या आसपासही उकळतं, म्हणून पाइपातला ओलावा वाफ होऊन निघतो. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा 500 च्या बराच वर चढून तिथे स्थिरावला तर ओलावा बाकी आहे. चढतच राहिला तर लीक शोधा.

गोव्यातल्या जुलैच्या हवेत उघडा ठेवलेला पाइप काय ओढून घेतो ते सांगायला नको. पंपाचं तेलही ओलावा पितं आणि दुधाळ होतं, तेव्हा ते बदलायचंच. तेलाची जादा बाटली घेतल्याशिवाय आम्ही पंप देत नाही, कुणी कितीही कुरकुर केली तरी.

थोडा गॅस सोडून हवा हाकलायची जुनी पद्धत विसरा. त्याने ओलावा निघत नाही, आणि नव्या एसीतला आर-32 हा पेट घेणारा गॅस आहे.

गेज, वजनकाटा, नायट्रोजन

मेस्त्रीने दिलेला आर-22 चा (जुन्या एसीतला गॅस) जुना गेज सेट आर-32 वर लावू नका. कंडेन्सिंग (आउटडोअरमध्ये गॅसचा द्रव होणं) 50 अंशांवर असेल तर आर-22 चं प्रेशर 265 पीएसआयच्या आसपास असतं, आर-32 चं 440 च्या. होज 800 पीएसआयचे हवेत. बऱ्याच आर-32 मशीनचा सर्व्हिस पोर्ट (गेजचा होज जोडायचं तोंड) 5/16 इंची असतो, तेव्हा ॲडॅप्टर खिशात असू द्या. जुना सेट टाकूही नका. जुन्या घरांत, लॉजमध्ये आर-22 अजून चालू आहे.

गॅस भरायचा तो वजनावर. आउटडोअरच्या पट्टीवर ग्रॅम लिहिलेले असतात, त्यामुळे डिजिटल काटा चैनीत मोडत नाही.

प्रेशर टेस्टला नायट्रोजनच. सिलिंडर भाड्याने घ्या, रेग्युलेटर मात्र स्वतःचा असू दे. ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. नायट्रोजनच्या राखाडी सिलिंडरची मान काळी असते, ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरची पांढरी. पण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत रंग कुठे टिकतो? लेबल वाचूनच पाइप जोडा.

बाकीचं थोडक्यात

क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (इन्व्हर्टरचा करंटही बरोबर दाखवणारा) आणि कपॅसिटर मोजणारा घ्या. इन्व्हर्टर एसीचा स्विच बंद केल्यावरही पीसीबीच्या (कंट्रोल बोर्डाच्या) कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी उरू शकतो. मीटरने मोजल्याशिवाय बोट लावू नका.

चिऱ्याच्या भिंतीला पाइपासाठी भोक पाडताना कोअर बिट (गोल कापत जाणारा पोकळ बिट) वापरा, आणि शेवटचे दोन इंच हॅमर बंद करून जा. नाहीतर पलीकडून चिऱ्याचा तुकडाच निसटतो आणि गिलाव्याचा खर्च तुमच्या माथी येतो. भोकाला बाहेरच्या बाजूला उतार ठेवा. कळंगुट, बागा, कोलवा भागात आउटडोअरचे बोल्ट स्टेनलेसचे लावा. शिडी आणि सेफ्टी बेल्ट यांत काटकसर केलेली आम्हाला पाहवत नाही.

हीटिंग म्हणजे आपल्याकडे गिझर. एलिमेंटचा पाना आणि अर्थिंग तपासायचं साधन, एवढ्यावर सुरुवात होते.

गॅस रिकव्हरी मशीन (एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं) आणि मोठा ब्रेझिंग सेट (तांब्याचे पाइप तापवून जोडायचा) पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. दोन्ही आमच्याकडे दिवसाच्या भाड्याने मिळतात. रिकव्हरी मशीन आर-32 ला चालणारं आहे. भाडं वाचवायला गॅस हवेत सोडू नका. हॉटेलचं मोठं काम मिळालं तर टूल घेण्याआधी आमच्याशी बोला.

तुमचा जुना गेज किंवा पंप घेऊन या, फुकट तपासून देतो. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं. शुक्रवारी म्हापशात बाजार, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. पंप उचलून न्यायचा असेल तर दुसरा दिवस बघा.